वळणावरची निसण

माझ्या सोळा पायऱ्यांपैकी दोन मूळच्या नाहीत. सातवी आणि आठवी. त्या कशा मोडल्या हे सांगायला घेतलं की माझे सांधे अजून करकरतात. पण मित्रांनो, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही. मी बांबूची एक जुनी शिडी आहे. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर मला निसण म्हणतात.

गणपत घाडी यांची आंब्याची कलमं आहेत. त्या कलमांसाठी त्यांना उंच निसण हवी होती. आपल्या बेटातले दोन सरळ बांबू त्यांनी निवडून तोडले आणि किडा लागू नये म्हणून महिनाभर खाडीच्या खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवले. पायऱ्या त्यांनीच बसवल्या. सांधे आवळायला मात्र खालच्या मोहल्ल्यातून गुलामचाचांना बोलावलं. गुलामचाचा जन्माचे मच्छीमार. त्यांनी काथ्याची दोरी पाण्यात भिजवली, पायाने ताणली आणि एकेक सांधा असा बांधला की वाळल्यावर तो लाकडाहून घट्ट झाला. वरून काजूच्या टरफलांचं काळं तेल चोळलं. मी उभी राहिले तेव्हा दोघेही मान वर करून माझ्याकडे कितीतरी वेळ पाहत होते.

अडचण एकच आली. गणपतकाकांच्या घराकडे जाणारी पाणंद अरुंद, आणि मी बारा हात लांब. कोपऱ्यावर मी वळेचना. दोनदा दगडी गडग्याला आपटले.

गुलामचाचा हसून म्हणाले, "गणपत, तुझी निसण माझ्या पडवीत ऱ्हवांदे. व्हयी तेव्हा घेवन जा."

अशी मी गणपतकाकांची झाले आणि राहायला गुलामचाचांच्या घरी गेले. त्यांचं घर मशिदीशेजारी, रस्त्याच्या वळणावर. तोच रस्ता वरच्या देऊळवाडीतून येतो आणि खाली धक्क्याला जातो. त्यामुळे गावातल्या प्रत्येकाला माझा पत्ता ठाऊक झाला. आंबे काढायचे असोत, पावसाआधी कौलं परतायची असोत, मशिदीवर दिवे लावायचे असोत की देवळाच्या सभामंडपात मखर बांधायचं असो, माणूस पडवीत येई आणि "चाचा, निसण नेतंय हां" असं म्हणून मला खांद्यावर घेई. गणपतकाकांचा धाकटा मुलगा दीपेश आणि गुलामचाचांचा मुलगा मुझफ्फर एकाच वयाचे. दोघे माझ्यावरच चढायला शिकले. पडले, रडले, पुन्हा चढले.

पुढे ग्रामपंचायतीने ॲल्युमिनियमची शिडी आणली. हलकी, चकचकीत. लोक तिच्याकडे वळले. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. मला वाईट वाटलं, पण त्याची सवय झाली. खरी बेचैनी दुसरीच होती. पडवीत पडल्या पडल्या मला माणसांची बोलणी ऐकू येत. पूर्वी पताका लावताना लोक दोरी पुरेल का, एवढंच विचारायचे. आता कोणाची पताका वर आणि कोणाची खाली, याची चर्चा होऊ लागली. मोबाईलवर काहीतरी ऐकायचं, मग आवाज उतरवून बोलायचं, आणि कोणी समोर आलं की गप्प व्हायचं. असलं गप्प होणं मी आधी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. मोहल्ल्याने आपला जुलूस एक दिवस पुढे ढकलला होता. ते ठरवताना काही अडचण आली नाही. पण वळणावरच्या दोन माडांमध्ये मोहल्ल्याने हिरव्या पताकांची माळ आधीच बांधली होती, आणि विसर्जनाची मिरवणूक त्याच वळणावरून धक्क्याकडे जाणार होती.

विसर्जनाला दोन दिवस उरले होते. सकाळी दीपेश मला न्यायला आला. तो आता कणकवलीला मोबाईलच्या दुकानात कामाला होता. ग्रामपंचायतीची शिडी कुलपात होती, आणि किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडे. मला बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी मी उभी राहणार होते.

मला माडाला लावून तो वर चढला. हिरवी माळ त्याने सोडली, हातभर खाली घेऊन परत बांधली आणि तिच्या जागी आपली भगवी माळ लावली. एका माडावर त्याच्या दोरीचं टोक कमी पडलं, तेव्हा त्याने ते हिरव्या माळेच्या फासातच ओवून टाकलं. घाईत होता. मग मला पडवीत परत ठेवून, कोणाशी न बोलता तो निघून गेला. ते न बोलणं मला टोचलं.

दुपारी मुझफ्फर धावत पडवीत आला. त्याने मला उचललं आणि वळणावर नेलं. पाहते तर दोन्ही माळा चिखलात पडलेल्या. हिरवी तुटलेली, भगवी तिच्यात गुरफटलेली. माझ्या मनात पहिला विचार आला तो दीपेशचा. सकाळी मी त्याचा चेहरा पाहिला होता, त्याने हिरवी माळ खाली घेतलेली पाहिली होती. मला वाटलं, तोच परत आला असणार आणि हिरवी माळ ओढताना त्याची स्वतःचीही पडली असणार. मित्रांनो, माझी अगदी खात्री झाली होती. ती खात्री चुकीची होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मुझफ्फरने आधी भगवी माळ उचलली. मशिदीच्या दारात ती चिखलात पडलेली कोणी पाहिली तर काय होईल, हे त्याला कळत होतं.  वर चढून त्याने एक टोक माडाला बांधलं. दुसरं टोक हातात धरून तो उतरणार, इतक्यात देऊळवाडीकडून मोटारसायकलींचा आवाज आला. दोन किंवा तीन असाव्यात. त्याने स्वतःच्या हातातल्या भगव्या कापडाकडे पाहिलं. मग ते सोडून दिलं, भराभर उतरला आणि मला तिथेच टाकून घरात पळाला.

दीपेश आणि त्याचे दोन मित्र आले, ते थेट त्या चिखलापाशी थांबले. रस्त्याच्या पलीकडे, खालच्या अंगाला काशीबाई मासे विकायला बसतात. त्या देऊळवाडीच्याच. दीपेशने त्यांना विचारलं, "काशीकाकी, ह्या कोणी केल्यान?"

काशीबाई म्हणाल्या, "मुझफ्फर होतो वर. हातात भगवी माळ होती. तुमचो आवाज इलो तसो उतारलो नि पळालो. माझ्या डोळ्यांनी बघलंय."

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. दीपेशने फोटो काढला. चिखलातली भगवी माळ, मागे मशीद, आणि मध्ये मी. फोटो पाठवताना त्याने काय लिहिलं ते मला दिसलं नाही. मग त्याने मला लाथ मारली. मी रस्त्यावर आडवी कोसळले आणि त्याच्या मित्राने मोटारसायकल माझ्यावरून नेली. सातवी आणि आठवी पायरी तेव्हा मोडली. पुरावा म्हणून मला ओढत नेऊन ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात टाकलं.

तिथे पडल्या पडल्या मी जे ऐकलं, त्याने माझ्या मोडक्या पायऱ्यांपेक्षा जास्त दुखलं. माणसं येत होती, मला वाकून पाहत होती. कोणी म्हणे, शिडी मुसलमानाच्या घरची, म्हणजे सगळं ठरवून केलं. मी गणपतकाकांच्या बेटातली, हे त्यांच्यापैकी निम्म्यांना ठाऊक होतं, पण बोललं कोणी नाही. कोणी म्हणे, कणकवलीहून दोन गाड्या भरून पोरं येणार आहेत. मला तोंड नाही. असतं तरी मी काय सांगितलं असतं? दीपेशचंच नाव घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तन्वी आली. तन्वी गणपतकाकांची थोरली सून, गावची आशा सेविका. त्या दिवशी व्हरांड्यात बाळांचं वजन करायचं होतं. एरवी ओळीने दहा-बारा बाया येत. त्या दिवशी तिघीच आल्या. पहिल्या दोघी देऊळवाडीच्या होत्या. त्यातली एक बाळाला वजनकाट्याच्या झोळीत ठेवता ठेवता हलक्या आवाजात म्हणाली, "तन्वी, मोहल्ल्यातसून दगड येतले म्हणतत. ह्या लेकराक घेवन मी खंय जाव?"

त्या गेल्यावर बऱ्याच वेळाने मुझफ्फरची बायको नाझमीन आली. आधी कोपऱ्यावर थांबून व्हरांड्यात कोण कोण आहे ते तिने पाहिलं. मग बाळाला झोळीत ठेवलं.

"वयनी," ती म्हणाली, "उद्या मिरवणुकीत माणसां भायरसून येतली म्हणतत, मशिदीसमोर थांबतली म्हणतत. ह्या लेकराक घेवन मी खंय जाव?"

तन्वीचा वजन लिहिणारा हात थांबला. तिने वर पाहिलं.  मग तिने वही मिटली आणि विचारलं, "नाझमीन, काल दुपारी तू खंय होतंस?"

"रांदपाच्या खोलीत. खिडकीकडे."

"काय बघलंस?"

"बर्फाचो टेम्पो गेलो. वर मासळीचे रिकामे क्रेट रचलेले होते. हिरवी माळ क्रेटांक अडाकली, ताणली, नि दोनय माळा खाली इल्यो. टेम्पोवाल्याक कळूकच नाय, तो गेलो धक्क्यार. मीच ह्यांका सांगलंय, आधी भगवी उचला म्हणान."

"मगे ह्या कोणाक सांगूक नाय तुया?"

"माका कोणी इचारुकच नाय," नाझमीन म्हणाली.

मित्रांनो, मी जमिनीवर पडून हे ऐकत होते. टेम्पो गेला तेव्हा मी पडवीत होते. पडवीतून वळण दिसत नाही. ज्या गोष्टीची मला इतकी खात्री होती, ती मी पाहिलेलीच नव्हती.

तन्वीने झोळी तशीच टांगलेली सोडली आणि सासऱ्यांकडे गेली. गणपतकाकांना ती काय म्हणाली ते मला माहीत नाही. दुपारी ते स्वतः व्हरांड्यात आले. माझ्या मोडक्या पायऱ्यांवरून त्यांनी हात फिरवला, एक टोक स्वतः उचललं, दुसरं तन्वीला धरायला लावलं, आणि भर रस्त्यातून मला वळणावर घेऊन गेले. त्यांना पाहून माणसं मागून येऊ लागली. वरच्या वाडीची एका बाजूला, मोहल्ल्याची दुसऱ्या बाजूला. मधला रस्ता मोकळा होता. इतका मोकळा रस्ता मला भीतीदायक वाटला. कोणी एक वाईट शब्द बोललं असतं तर पुढे काय झालं असतं, कोण जाणे.

तन्वी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.  "डोळ्यांनी बघलात तेवढाच सांगा. कानान ऐकलेला आज नको. नि खंयसून बघलात, थंय जावन उभे ऱ्हवा."

कोणीतरी पुटपुटलं, "ही कोण सांगणारी?"

गणपतकाका म्हणाले, "माझी सून आसा. मी सांगतंय समज."

काशीबाई आपल्या टोपलीपाशी जाऊन बसल्या. तन्वीने गणपतकाकांना माझ्यावर चढवलं. मोडक्या पायऱ्यांवरून लांब टांग टाकत ते वर गेले, माडाला टांगलेली भगवी माळ त्यांनी हातात घेतली.

"काकी, मामंजी माळ सोडतत काय बांधतत?" तन्वीने विचारलं.

काशीबाईंनी डोळे बारीक केले. कपाळावर हात धरला. "सोडतत... नाय, बांधतत..." त्यांचा चेहरा उतरला. "हयसरसून कळणा नाय गो. पाठच तेवढी दिसता. मी म्हटलंय ता खरा. पण ता तेवढाच."

गणपतकाका वरून म्हणाले, "गुलाम, हयसर गाठ आसा. नवीन. जाळ्याक मारतत तसली."

गुलामचाचा पुढे आले. मला वाटलं होतं, ते मुलाची बाजू घेऊन बोलतील. ते फक्त म्हणाले, "सोडणारो गाठ मारना नाय." आणि परत आपल्या जागी गेले.

मग खिडकीतून नाझमीनने टेम्पोचं सांगितलं. आवाज लहान होता, पण सगळे इतके गप्प होते की शेवटच्या माणसापर्यंत तो पोचला. बर्फाचा टेम्पो आणणारा लवू तळेरे गावचा. मोहल्ल्यातला एकजण म्हणाला, फोन लावा त्याला. लवूने सांगितलं की क्रेटांना हिरवं-भगवं कापड अडकलेलं त्याला घरी गेल्यावर दिसलं होतं. कुठल्या गावचं, ते त्याला कळलं नव्हतं.

"पण टेम्पो रोज जाता," मोहल्ल्यातून कोणीतरी म्हणालं. "आमची माळ आठ दिवस वर होती. अडाकली नाय ती कालच कशी अडाकली?"

याचं उत्तर तिथे फक्त दोघांकडे होतं. एक मी. दुसरा दीपेश, तो खाली मान घालून उभा होता. तो गप्प बसला असता तर ते कधीच कोणाला कळलं नसतं. माझा जीव त्याच्या ओठांकडे लागला होता.

"मी खाली घेतलंय ती," तो म्हणाला. "सकाळी. आमची वर व्हयी म्हणान. माझी दोरी पण तेच्यातच अडाकवलेलंय."

मोहल्ल्याच्या बाजूने गलका झाला. गुलामचाचांनी हात वर केला, तेव्हा तो हळूहळू थांबला. दीपेशने मग मुझफ्फरकडे पाहिलं. त्याला अजूनही राग होता, आणि त्या रागाला जागा सापडत नव्हती.

"तू बांधी होतंस तर पळालंस कित्याक? थंयच उभो ऱ्हवलो असतंस नि सांगलो असतंस तर?"

मुझफ्फर आपल्या दारात उभा होता.  "भियालंय," तो म्हणाला.

"कोणाक?"

"तुका."

 दीपेशचा चेहरा मी लहानपणापासून पाहत आले आहे. माझ्यावरून पडून त्याचा हात मोडला होता, तेव्हाही तो असा झाला नव्हता.

तिथेच उभं राहून त्याने मोबाईल काढला आणि जिथे जिथे फोटो पाठवला होता तिथे खरं काय ते बोलून पाठवलं. मी ऐकलं, त्याने स्वतःला वगळलं नाही. पण फोटो त्याच्या हातातून केव्हाच पुढे गेला होता. कोणी उलट लिहिलं की तुला धमकावून बोलायला लावलंय. विसर्जनाच्या दिवशी वळणावर, मी टेकून होते त्या माडापाशी, पोलिसांची गाडी उभी होती. ढोल मशिदीजवळ आले तेव्हा तीन-चार अनोळखी पोरं जागच्या जागी नाचू लागली. गणपतकाका त्यांच्यापुढे जाऊन नुसते उभे राहिले. गणपतीची मूर्ती डोक्यावर घेतलेली माणसं पुढे चालत राहिली, त्यामुळे त्या पोरांनाही पुढे जावं लागलं. मशिदीच्या पायरीवर गुलामचाचा बसून होते. ते क्षण किती लांबले! दुसऱ्या दिवशी जुलूस निघाला. तोही शांतपणे पार पडला. सगळे नेहमीपेक्षा भरभर चालत होते.

त्यानंतर दहा-बारा दिवस दीपेश वळणावर थांबला नाही. पडवीत परत आलेल्या मला नुसता त्याच्या गाडीचा न थांबणारा आवाज यायचा. मग एका सकाळी तो गुलामचाचांच्या अंगणात आला. पडवीची पायरी मात्र चढला नाही.

"निसण व्हयी होती," तो म्हणाला. "कलमांकडच्या खोपीची कौलां सरकली हत."

मुझफ्फर जाळं दुरुस्त करत होता. त्याने मान वर केली नाही. "तुमचीच आसा. घेवन जा."

दीपेश तिथेच उभा राहिला. पायाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "दोन पायऱ्यो नाय हत तिका. एकट्यान चढूक होवचा नाय. तू येशीत धरूक?"

मुझफ्फरने जाळं बाजूला ठेवलं.  मग उठला आणि माझं एक टोक उचललं. दोघांनी वाटेत एक शब्दही काढला नाही. पण कौलांचं काम झाल्यावर दुपारी त्यांनीच माझ्या दोन नव्या पायऱ्या बसवल्या. त्या थोड्या वाकड्या आहेत. पाय ठेवला की कळतं.

मित्रांनो, मी म्हातारी झाले. गावात सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. मुझफ्फर आजही माझ्यावर चढण्याआधी एकदा रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाहून घेतो. त्याचं ते पाहणं माझ्या काळजाला लागतं. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. कोणाबद्दल तुमची अगदी खात्री झाली, तर तो जिथे उभा होता तिथे एकदा जाऊन उभे राहा, आणि ज्याला कोणी विचारलं नाही त्याला विचारा. माझीही खात्री झाली होती. आणि घरात एखादी जुनी निसण असेल तर तिला पावसात टाकू नका, तिचे सांधे वर्षातून एकदा तपासा. सैल झालेला सांधा दिसत नाही. माणूस अर्ध्यावर चढल्यावर तो कळतो, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.